दागिने एकीकडे, माणसं दुसरीकडे: घरातला चोरकप्पा आणि सुरक्षित खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याबाहेर नव्या वसाहतीत रो-हाउस आहे. सत्तरीला टेकलेले आई-बाबा तिथे दोघंच राहतात, तुम्ही बंगळूरला असता. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, म्हणून तोवर बरंच सोनं घरात असणार. सुतार कपाटात चोरकप्पा करून देतो म्हणतोय. मेहुण्यांचं म्हणणं, खालच्या बेडरूमला लोखंडी दार बसवू, तिजोरीही तिथेच ठेवू, आणि वेळ आली तर आई-बाबा आत जाऊन दार लावून घेतील. शिवाय गावच्या जुन्या घरातलं बळद, म्हणजे भिंतीच्या पोटातली धान्याची पोकळी, वापरावं का आणि विमा काढावा का, हेही तुम्ही विचारलंय.

दारं, कुलपं आणि तिजोऱ्या बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. चोरी झाल्यावर फुटलेली चौकट बदलायलाही आम्हालाच बोलावतात. त्यामुळे चोर कुठून शिरला, कुठे हात घातला आणि कुठे पोहोचलाच नाही, हे बघायला मिळतं. त्यावरून सांगतो, मेहुण्यांची निम्मी कल्पना फार चांगली आहे आणि निम्मी धोक्याची. आई-बाबा आणि सोनं एका दाराआड ठेवू नका.

घरफोडी आणि दरोडा ही दोन निराळी संकटं आहेत. घरफोडी करणारा बंद घर शोधतो. त्याला माणसं नकोच असतात. तो दहा-पंधरा मिनिटांत आटपून निघायच्या बेतात असतो, त्यामुळे वस्तू पटकन सापडली नाही तर बऱ्याचदा ती वाचते. चोरकप्पा याच चोरासाठी असतो. घरात माणसं आहेत हे माहीत असूनही जे येतात, त्यांच्यापुढे चोरकप्प्याचा उपयोग नाही. ते शोधत बसत नाहीत, विचारतात, आणि कसं विचारतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथे कामाला येते ती खोली. तिचं काम एकच, मदत येईपर्यंत आई-बाबा आणि ती माणसं यांच्यामध्ये एक दार टिकवून धरणं. आता त्याच खोलीत तिजोरी असली तर काय होईल? बाहेरच्याला हवी ती वस्तू दाराच्या आत आहे, मग दार फोडायला त्याला कारण मिळालं. सोनं दुसरीकडे असेल तर बंद दारापाशी थांबून राहण्यात त्याचा तोटा आहे. तुम्ही जे काही कराल ते या एका गोष्टीभोवती करा.

सगळ्यात आधी घरातलं सोनंच कमी करा. लग्नाचे दागिने सहा महिने घरात ठेवायची गरज नसते. बँकेचा लॉकर घ्या, बस्ता आणि साखरपुड्याला लागेल तेवढंच काढा. लॉकरबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेचे जे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यात लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. पूर, भूकंप, वीज यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही नाही, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर. म्हणजे लॉकरही अभेद्य नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत जुईनगरला शेजारच्या दुकानातून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले होते. तरीही दोन वृद्ध माणसांच्या कपाटापेक्षा लॉकर कितीतरी बरा, आणि सोनं बँकेत आहे असं आई-बाबांना खरेपणाने म्हणता येतं, हा फायदा मला पैशापेक्षा मोठा वाटतो.

सोनं लपवलं म्हणजे आयकराच्या दृष्टीने काही वाकडं केलं, अशी भीती पुष्कळांना असते. तसं नाही. पावती किंवा वारशाचा हिशोब दाखवता येत असेल तर घरात किती सोनं ठेवावं याला मर्यादा नाही. मे १९९४ च्या सरकारी सूचनेनुसार झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. तेव्हा पावत्या जपा, पण दागिन्यांबरोबर ठेवू नका.

आता चोरकप्पा. सुताराला नाही म्हणू नका, पण तो काय करणार आहे ते आधी नीट ऐका. बेडरूममधलं लोखंडी कपाट, त्यातला आतला खण, साड्यांच्या घड्या, गादीखालची जागा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, तांदूळ-डाळीचे डबे, फ्लशची टाकी, फ्रीजमधला भाजीचा कप्पा, भिंतीवरच्या तसबिरीची पाठ: या जागा आपल्या आजीला माहीत होत्या, तशाच चोरालाही माहीत आहेत. फुटलेल्या घरात गेलं की धान्य जमिनीवर ओतलेलं आणि गाद्या उलट्या केलेल्या दिसतात. कपाटाची किल्ली कपाटावरच किंवा शेजारच्या खुंटीला असते आणि कपाट न तोडताच उघडलेलं असतं, हेही नेहमीचंच.

चांगली जागा तीच, जिला जागा म्हणून कुणी ओळखत नाही. नवं कपाट करून घेणार असाल तर सगळ्यात सोपी म्हणजे तळाची. कपाटाखाली चारेक इंचांची पट्टी असते, तिच्यामागे कपाटाच्या रुंदीइतकी पोकळी वाया जाते. पट्टीचा एक तुकडा निघेल असा बसवला आणि त्याचे सांधे इतर सांध्यांसारखेच ठेवले तर जमिनीवर ओणवं होऊन कुणी ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरी जागा कपाटाच्या पाठीची. चोवीस इंच खोल कपाटात मागचा प्लाय तीन इंच पुढे घेतला तर आत कपडे टांगल्यावर फरक जाणवत नाही. कपाट रिकामं करून टेपने मोजायला चोराला वेळ नसतो. मात्र दोन्हीकडे ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, म्हणून आतून जाड फोम लावून घ्या.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीखालची पट्टी मी सुचवत नाही. तिथे सिंकचं पाणी गळतं, झुरळं होतात, आणि पेस्ट कंट्रोलवाला पहिल्यांदा तीच पट्टी काढतो. जिथे मेकॅनिकचा हात जातो ती जागा बाद: एसी, गिझर, वॉशिंग मशीनची पाठ, इन्व्हर्टरची ट्रॉली. बंद पडलेल्या स्विचबोर्डामागचा खण पुष्कळांना हुशारीचा वाटतो. आत एक जरी जिवंत वायर असेल तर ते जिवावर बेतू शकतं. ज्या पेटीत वायरिंग आहे तिच्यात दागिना ठेवू नका, कितीही छान दिसलं तरी.

उघडायच्या युक्तीबद्दल माझं मत सुतारांच्या उलट आहे. त्यांना दाबलं की टपकन उघडणारी कळ आवडते, कारण ती दाखवायला छान. पण झाडताना कुंचा लागला, नातू आदळला, की तीही उघडते. शिवाय रोज दाबून लॅमिनेटवर बोटांचा डाग पडतो, आणि तो डाग जागा दाखवतो. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी दोन स्क्रू पुरेत. स्क्रूड्रायव्हर घेऊन पाच मिनिटं लागली तरी काय बिघडतं? याउलट आईच्या रोजच्या पाटल्या आणि मंगळसूत्र या असल्या जागी कधीच जाणार नाहीत. पहिले आठ दिवस जातील, नंतर ड्रेसिंग टेबलावरच राहतील. त्यांच्यासाठी सहज हात पोहोचेल अशी वेगळी, साधी जागा हवी. ठेवायला त्रास झाला की माणूस ठेवायचं सोडतो, हे धरूनच आखणी करा.

चोरकप्प्याचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नसतो. तो कुणाकुणाला माहीत आहे, हा खरा प्रश्न. सुतार, त्याचा मदतनीस, पॉलिशवाला, साइटवर फोटो काढून गेलेला इंटिरियरवाला. म्हणून कपाट एकाकडून साधंच करून घ्या आणि आतला शेवटचा तुकडा घरातल्या माणसाने किंवा दुसऱ्या गावच्या कारागिराने बसवावा. लहान मुलांना दाखवू नका. त्यांचा दोष नसतो, त्यांना गंमत वाटते आणि ती शाळेत सांगितली जाते.

आणि तरी दोन माणसांना जागा माहीत हवीच. विसरलेलं आणि न सांगितलेलं सोनं चोरीइतकंच जातं. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या उशीबरोबर किंवा डब्याबरोबर दागिने भंगारात गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर तर घराघरांत डाळीच्या डब्यांतून नोटा निघाल्या, आणि ज्या मुदतीनंतर सापडल्या त्यांचा कागद झाला. स्मृतिभ्रंश सुरू झालेली आजी रोज जागा बदलते आणि मग कामवाल्या बाईवर आळ येतो. हे फार वाईट आणि सर्रास होतं. तुमच्या घरी आई, बाबा आणि तुम्ही, तिघांना जागा ठाऊक असू द्या. एका कागदावर लिहून तो बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मृत्युपत्राबरोबर ठेवा. मोबाइलवर लिहू नका, फोटोही पाठवू नका.

रोख रक्कम आणि कागदपत्रं लपवताना ओलीचा विचार करा. साताऱ्याचा पावसाळा आणि कोयनेच्या बाजूचं दमट हवामान कागदाला मारतं, वाळवी तर जून ते सप्टेंबरमध्ये आठवड्यात गठ्ठा फस्त करते. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवा आणि डबा भिंतीला व जमिनीला टेकू देऊ नका. घराच्या आगीत कागद साधारण २३० अंशांच्या पुढे जळू लागतो आणि पेटलेल्या खोलीत तापमान सहाशेच्या वर जातं, म्हणून लाकडी कपाटातला चोरकप्पा आगीपासून काहीही वाचवत नाही. खरेदीखत, मृत्युपत्र, पॉलिसी यांच्या प्रती बाहेर ठेवा.

तिजोरी घ्यायचीच असेल तर हे ऐका. बाजारात मिळणारी आठ-दहा किलोची बटणांची पेटी म्हणजे दागिने एकत्र उचलून न्यायची सोय. चोर ती तिथे उघडत नाही, घेऊन जातो. तिजोरी एक तर शंभर किलोच्या पुढची हवी, नाही तर पक्की जखडलेली हवी. आणि जखडायचं कशाला, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या वसाहतीत भिंती बहुतेक सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतील. त्यांत साधा अँकर फास्टनर धरत नाही, कटावणीच्या एका झटक्यात ब्लॉकचा चुरा होऊन बाहेर येतो. तळमजल्यावर जमिनीला चार बोल्टने धरा. त्यातही फरशी आणि खालचा मसाला मिळून दोन-तीन इंच जातात, तेवढ्यात संपणारा बोल्ट निरुपयोगी. तो काँक्रीटमध्ये उतरला पाहिजे. बाथरूमच्या शेजारी, वॉटरप्रूफिंगच्या पट्ट्यात आणि जिथून वायरचे पाइप गेलेत तिथे भोक पाडू नका. कॉलम आणि बीम कोरून कोनाडा करायला तर कुणी कितीही पैसे दिले तरी हो म्हणू नका. जागा दोन भिंतींच्या कोपऱ्यातली निवडा, म्हणजे पहार घालून उचकटायला बाजू मिळत नाही. आणि पेटीबरोबर आलेला मूळ नंबर पहिल्या दिवशी बदला. जास्तीची किल्ली त्याच कपाटात ठेवलेली मी इतक्या घरांत पाहिलीय की ते वेगळं सांगावं लागतं.

गावच्या घरातलं बळद म्हणजे त्या काळच्या माणसांनी फार विचारपूर्वक केलेली गोष्ट. जाड भिंतीच्या पोटात वरून धान्य सोडायचं, खालच्या छोट्या तोंडातून काढायचं, आणि तोंडावर फळी किंवा सारवण आलं की ती भिंतच. दाराला आतून दोन्ही भिंतींत सरकणारी आगळ, मोठ्या दरवाजातली वाकून यायला लावणारी दिंडी, हेही त्याच हुशारीतलं. पण ते घर भरलेलं असायचं. दहा-पंधरा माणसं, गोठ्यात गडी, ओट्यावर झोपलेले म्हातारे. आज ते घर कुलूपबंद आहे, आणि बंद घरातल्या बळदाला राखण नाही. चोराला तिथे दहा मिनिटं नाहीत, सगळी रात्र आहे. शिवाय घुशी, ओल आणि ढासळती मातीची जोडणी. तिथे काही ठेवू नका. पूर्वजांचं काही आत असेल असं वाटत असेल तर घर पाडायला देण्याआधी स्वतः बघून घ्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे भिंतीतला हंडाही त्यात येतो. भिंत फोडणाऱ्या मजुरापुढे तो निघाला की प्रकरण आपल्या हातात राहत नाही.

आता खोली. यावर मी जास्त लिहितो, कारण इथे प्रश्न आई-बाबांचा आहे.

लोखंडी दार नको. ते जड असतं, पावसाळ्यात गंजतं, संधिवाताच्या हातांना ओढवत नाही, आणि घरात असं एक दार दिसलं की बघणाऱ्याला वाटतं इथेच काहीतरी आहे. खालची बेडरूम निवडलीय ते बरोबर आहे. गुडघे दुखणारी माणसं रात्री जिना चढणार नाहीत. तिला जोडून संडास-बाथरूम असेल तर उत्तमच, पाणी आणि आणखी एक दार मिळतं. पण त्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो तिथून काढा. बंद जागेत गॅस गिझरने कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेल्याची उदाहरणं आपल्या राज्यात दर थंडीत घडतात. इन्व्हर्टरची बॅटरीही त्या खोलीत नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

दार फळीत क्वचित फुटतं. ते फुटतं कडीपाशी आणि चौकटीपाशी. लाथ बसली की लॅचची पट्टी धरणारे अर्ध्या इंचाचे स्क्रू लाकडाची ढलपी घेऊन बाहेर येतात, फळी जशीच्या तशी राहते. म्हणून आत भरीव असलेलं किमान ३५ मिलिमीटरचं फ्लश डोअर असेल तर तेच ठेवा आणि पैसे चौकटीवर घाला. बिजागऱ्या तीनच्या चार करा. स्क्रू चौकटीतून भिंतीत जातील इतके, म्हणजे तीन इंची, घ्या. ब्लॉकच्या भिंतीत चौकट होल्डफास्टने, म्हणजे चौकटीला जोडून भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते, आणि त्या होल्डफास्टभोवती काँक्रीट भरलंय की नुसता मसाला थापलाय हे तपासा. नुसता मसाला असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. आतून वर आणि खाली जाड सळईचे टॉवर बोल्ट. खालचा फरशीतल्या भोकात उतरला पाहिजे, आणि ते भोक दर महिन्याला साफ केलं पाहिजे, नाही तर धूळ साचून बोल्ट अर्ध्यावर अडतो.

त्याच्यावर एक आडवी आगळ करून घ्या. आपल्या बेडरूमची दारं आत उघडतात, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर दोन लोखंडी आकडे आणि त्यांत अडकवायची एक चौकोनी पोकळ नळी, एवढं पुरतं. बाहेरून येणारा धक्का कडीवर न येता नळीतून भिंतीवर जातो. भिंत हलकी असेल तर आकडे रासायनिक अँकरने (भोकात चिकटद्रव्य भरून बसवलेल्या बोल्टने) किंवा चौकटीलगतच्या काँक्रीटच्या पट्टीत बसवा. नळी हलकी घ्या, आईला एका हाताने उचलता आली पाहिजे. तिला दुकानात किंवा फॅब्रिकेटरकडे घेऊन जा आणि उचलून बघायला सांगा.

एक इशारा. आगळ रोज रात्री लावायची नाही. रात्री बाबांना चक्कर आली, आई पडली, तर बाहेरच्याला आत येता आलं पाहिजे. रोज एवढंच, बाहेरूनही किल्लीने उघडता येईल असं कुलूप. आगळ दाराशेजारी उभी, संकटात लावायची. आणि आतून उघडायला कधीही किल्ली लागू नये. आग लागली तर अंधारात, धुरात किल्ली सापडत नाही. खिडकीच्या ग्रीलमध्येही आगीचा विचार हवा. चोराला रोखणारी ग्रील आगीत माणसांना कोंडते. ग्रीलचा एक भाग आतून उघडणारा करा आणि त्याची किल्ली खिडकीतून बाहेरच्याचा हात पोहोचणार नाही पण आई-बाबांचा पोहोचेल इतक्या अंतरावर, कायम एकाच खिळ्याला. ग्रीलचे स्क्रू बाहेरच्या बाजूने दिसत असतील तर वेल्डिंग करून डोकी बुजवा.

आत काय हवं? रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायची सवय मोडा, चार्जर या खोलीत. त्याशिवाय बटणांचा एक साधा फोन, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून, दर रविवारी चार्ज करायचा. टॉर्च, पाणी, एक दिवसाची औषधं, चष्म्याची जुनी जोडी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद: ११२, पोलिस ठाण्याचा नंबर, दोन शेजारी, तुम्ही. त्याखाली घराचा पत्ता खुणांसह लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. गच्चीवर भोंगा आणि त्याचं बटण पलंगाशेजारी. आणि एक छोटीशी गोष्ट, जी फारशी कुणाला सुचत नाही: पुढच्या दाराची जादा किल्ली रंगीत फडक्यात बांधून या खोलीत ठेवा, म्हणजे पोलिस किंवा शेजारी आले की खिडकीतून बाहेर टाकता येते. नाही तर मदत आलेली असते आणि तिला आत येता येत नाही.

शेजाऱ्यांशी आधी बोला, कारण पोलिसांच्या आधी तेच पोहोचतात. आपल्याकडे टोळ्यांची एक जुनी रीत आहे, घर फोडण्याआधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावायच्या. आरडाओरडा ऐकूनही कुणी बाहेर येऊ शकत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक घराने बाहेरच्या कडीत, ती उघडी असताना, छोटं कुलूप अडकवून ठेवायचं म्हणजे ती सरकत नाही. तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांना हे करायला लावा, एकट्याने करून फायदा नाही. सातारा, पुणे, नाशिक, नगर भागांतल्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर नोंदणी केलेल्या सगळ्या घरांना एकाच वेळी कॉल जातो. तुमची वसाहत ज्या ग्रामपंचायतीत येते तिथे विचारा आणि आई-बाबांचे नंबर नोंदवा.

हे सगळं झालं की तालीम करा. पलंगापासून आगळ लागेपर्यंत, दिवे बंद करून, दोघांनी मिळून. बाबांना ऐकायला कमी येत असेल तर कोण कुणाला उठवणार हे ठरवा. आवाज आला तर बघायला बाहेर जायचं नाही, हे बाबांकडून कबूल करून घ्या. त्या पिढीतल्या पुरुषांना काठी घेऊन बाहेर जाणं आपलं कर्तव्य वाटतं, आणि तिथेच अनर्थ होतात. आणि माणूस समोर येऊन ठेपलाच असेल, खोलीपर्यंत जायला वेळच नसेल, तर खोलीकडे पळायचं नाही, झटायचं नाही. द्यायचं. त्यासाठी हॉलजवळच्या कपाटात काही हजार रुपये आणि दोन-चार साधे दागिने ठेवा, ते घेऊन तो लवकर जावा म्हणून. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं त्याचीच आहेत, पण सत्तरीच्या माणसाने दार लावून फोन करणं हेच त्याचं संरक्षण. मेहुण्यांनी कुंपणात करंट सोडायची गोष्ट काढली तर तिथेच थांबवा. गुन्हा तर आहेच, आणि बहुधा मरतं ते शेजारचं पोर.

लहान मुलं येत-जात असतील तर आणखी एक. बाहेरून आपोआप कडी लागेल असा, मूल मावेल एवढा कुठलाही कप्पा घरात करू नका. लपाछपीत मुलं ट्रंकेत, जुन्या फ्रीजमध्ये गुदमरल्याच्या घटना आपल्याला नव्या नाहीत.

हे वाचणाऱ्यांत कुणी अशी बाई असेल जिला धोका घराबाहेरच्याचा नाही, घरातल्याच माणसाचा आहे, तर वरचं बरंचसं तिला लागू नाही. तिच्यासाठी आतून बंद होणारी, पण बाहेर पडायला दुसरी वाट असलेली खोली बरी. स्वयंपाकघर नको, तिथे सुऱ्या असतात. तिची कागदपत्रं, थोडे पैसे आणि एक किल्ली घरात लपवण्यापेक्षा विश्वासाच्या माणसाकडे बाहेर असावी. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालतो.

सीसीटीव्ही असेल तर त्याचा रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, तो चोराबरोबर जातो. चोरकप्प्यासारख्या जागेचा खरा हक्कदार तोच, फक्त त्याला हवा लागते.

विमा घ्या, पण अटी वाचून. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देतात. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा नुकसानीसाठी आहे. तिच्यात चोरी धरतात ती अशी आपत्ती आल्यापासून सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि दागिन्यांसाठी आणखी वेगळं, यादी आणि मूल्यांकनासह. ते घेताना कंपनीला लेखी विचारा: दागिने कुठे ठेवले असतील तर दावा मान्य होईल? काही पॉलिसींना बंद तिजोरी लागते, आणि तसं असेल तर तुमचा सुंदर चोरकप्पा त्यांच्या लेखी नाही. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, पट्टीशेजारी ठेवून. हॉलमार्कच्या नव्या दागिन्यांवर सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो भिंगातून वाचून लिहून ठेवा. सापडलेला माल आपला आहे हे पोलिसांपुढे दाखवायला तो फार कामी येतो.

कामाचा क्रम सांगतो, कारण डिसेंबर लांब नाही. आधी लॉकर. मग चौकट, बिजागऱ्या, आगळ, हे एका फॅब्रिकेटरचं दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि ते चालू असताना तुम्ही स्वतः साताऱ्यात असा. सुताराला त्यानंतर बोलवा. त्याच्याकडून फक्त साधं कपाट घ्या, आणि तळाची पट्टी तुम्ही बसवा, तो गावी परत गेल्यावर.